ऊस उसासारखा, मग मी आईसारखी का नाही?

सदर : का? कसं? कशामुळे?



या आठवड्याच्या टपालात श्रीरामपूर तालुक्यातल्या, सहावीत शिकणाऱ्या एका मैत्रिणीचं पत्र आलं आहे. ती लिहिते, "आमच्या घरी बाजरी पेरतात, गहू पेरतात, हरभरा पेरतात. ऊस मात्र तोडून त्याचे तुकडे लावतात. आजोबा म्हणतात, ज्या उसाचं बेणं लावावं तोच ऊस येतो, वाणात तसूभरही फरक नाही. मग मी आईची मुलगी असून हुबेहूब आईसारखी का नाही? सगळे म्हणतात, नाक आत्याचं आणि केस आजीचे!"

किती छान शंका आहे पाहा! शेत आणि घर, दोन्हीकडे तिचं नीट लक्ष आहे. तिच्या पत्रात खरं तर दोन प्रश्न आहेत. ऊस उसासारखाच का येतो, हा पहिला. आणि मूल आईसारखं हुबेहूब का नसतं, हा दुसरा. दोन्हींचं उत्तर एकाच ठिकाणी लपलंय. ते ठिकाण इतकं लहान की साध्या डोळ्यांना दिसतच नाही. ते म्हणजे पेशी.

वीट जी स्वतःच वीट पाडते

घर विटांचं असतं, तसं आपलं शरीर पेशींचं असतं. इंग्लंडच्या रॉबर्ट हूक यांनी १६६५ साली बुचाचा पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली धरला. त्यांना मधमाश्यांच्या पोळ्यासारखे बारीक बारीक कप्पे दिसले. त्या कप्प्यांना त्यांनी जे नाव दिलं, त्यालाच आपण मराठीत 'पेशी' म्हणतो.

पण वीट आणि पेशी यांत एक मोठा फरक आहे. विटा वीटभट्टीवर पाडाव्या लागतात, बैलगाडीनं नाही तर ट्रॅक्टरनं आणाव्या लागतात, गवंडी त्या रचतो. पेशींना ना भट्टी लागते, ना गवंडी. पेशीच आपल्यासारखी दुसरी पेशी तयार करते. एकीच्या दोन होतात, दोघींच्या चार, चौघींच्या आठ. जर्मनीचे रुडॉल्फ विरशॉ यांनी १८५५ साली ही गोष्ट ठामपणे मांडली, की प्रत्येक पेशी ही आधीच्या पेशीपासूनच जन्मते.

आता जरा वही काढा आणि गणित करा. एकाची दुप्पट, तिची दुप्पट, परत दुप्पट. दहा वेळा दुप्पट केली की १,०२४ होतात. वीस वेळा केली की दहा लाखांच्या वर जातात. आणि पंचेचाळीस वेळा केली की? सुमारे ३५ लाख कोटी! मोठ्या माणसाच्या शरीरात साधारण एवढ्याच, म्हणजे ३० ते ३७ लाख कोटी पेशी असतात. तुम्ही, मी, तुमचे पहिलवान मामा, सगळ्यांची सुरुवात एकाच पेशीपासून झाली. अर्थात शरीरात सगळ्या पेशी एकदम ताल धरून दुप्पट होत नाहीत. काही भराभर वाढतात, काही लवकर थांबतात. पण दुपटीची ताकद किती मोठी असते, हे या हिशेबावरून कळतं.

वाढ पूर्ण झाली म्हणजे काम संपलं असंही नाही. रक्तातल्या तांबड्या पेशी सुमारे १२० दिवस जगतात. त्यांच्या जागी नव्या याव्यात म्हणून आपल्या हाडांच्या मगजात दर सेकंदाला वीस लाखांहून जास्त तांबड्या पेशी तयार होतात. हे वाक्य वाचेपर्यंत किती झाल्या, मोजा बरं!

उसाचा पोंगा का वाळतो?

आता शेतावर जाऊ. ऊस वाढतो म्हणजे नेमका कुठून वाढतो? सगळ्या अंगानं एकसारखा? नाही. त्याच्या शेंड्याच्या पोटात, पानांच्या गुंडाळीच्या आत, एक छोटासा कोवळा भाग असतो. नव्या पेशी जन्माला घालण्याचं मुख्य काम तो करतो. तो एकापाठोपाठ एक पानं आणि पेरं तयार करत वर सरकत राहतो. खालच्या पेशी मग लांब होतात आणि कांडी लांबते.

ज्यांच्या घरी ऊस आहे त्यांनी 'पोंगा मर' हा शब्द ऐकला असेल. खोडकिडीची अळी कोवळ्या उसात शिरते आणि आतला हा वाढीचा भाग खाऊन टाकते. बाहेरची पानं हिरवी दिसतात, पण मधला पोंगा वाळतो. ओढला तर अलगद हातात येतो. एवढ्याशा भागाला धक्का बसला आणि त्या कोंबाची वाढच थांबली! मग बुडाशी असलेले दुसरे डोळे फुटतात आणि बाजूनं फुटवे येतात. त्या डोळ्यांतही वाढीच्या पेशी दबा धरून बसलेल्या असतात ना!

उतरवून काढलेला धडा

पेशी दुभंगते म्हणजे आपण भाकरीचे दोन तुकडे करतो तसं होतं का? तसं झालं असतं तर मोठी पंचाईत झाली असती. भाकरीचा अर्धा तुकडा म्हणजे अर्धीच भाकरी. पण पेशीच्या दोन पेशी झाल्या, तर दोन्ही पूर्ण हव्यात.

बहुतेक पेशींमध्ये एक केंद्रक असतं. त्यात गुणसूत्रं असतात. पान कसं असावं, नाक कसं असावं, साखर किती साठवावी, अशी सारी माहिती त्यांच्यातल्या डीएनएमध्ये लिहिलेली असते. माणसाच्या एका पेशीतला डीएनए सरळ ताणला तर त्याची लांबी सुमारे दोन मीटर भरेल. म्हणजे साधारण वर्गाच्या दाराएवढा उंच दोरा, न दिसणाऱ्या डबीत भरलेला!

प्रत्येक जातीची गुणसूत्रांची संख्या ठरलेली असते. माणसाच्या पेशीत ४६, कांद्याच्या १६, बाजरीच्या १४, ज्वारीच्या २०, गाईच्या ६० आणि कोंबडीच्या ७८. म्हणजे ज्याची गुणसूत्रं जास्त तो शहाणा, असं काही नाही. नाहीतर कोंबडीनंच आपली शाळा घेतली असती!

दुभंगण्याआधी पेशी काय करते? शाळेत एखादं पुस्तक एकच असलं आणि मुलं दोन असली तर आपण काय करतो? धडा दुसऱ्या वहीत उतरवून काढतो. पेशीही तेच करते. आधी सगळ्या गुणसूत्रांची नक्कल तयार करते. नक्कल करताना एखादं अक्षर चुकलं तर तपासणारी आणि दुरुस्त करणारी यंत्रणाही पेशीतच असते. मग पुढचं काम चार पायऱ्यांनी होतं.

पहिली पूर्वावस्था. दोऱ्यासारखी गुणसूत्रं आखूड आणि जाड होतात. प्रत्येक गुणसूत्र म्हणजे चिकटलेल्या दोन सारख्या पट्ट्या, एक मूळ आणि एक नक्कल. केंद्रकाचं आवरण नाहीसं होऊ लागतं.

दुसरी मध्यावस्था. कवायतीला मुलं मैदानाच्या मधोमध एका रांगेत उभी राहतात, तशी सगळी गुणसूत्रं पेशीच्या मध्यावर येतात. दोन्ही टोकांकडून निघालेले बारीक दोर त्यांना जोडले जातात. त्यांना तुर्कतंतू म्हणतात.

तिसरी पश्चावस्था. आता रस्सीखेच! चिकटलेल्या पट्ट्या सुट्या होतात. एक या टोकाला ओढली जाते, दुसरी त्या टोकाला.

चौथी अंत्यावस्था. दोन्ही टोकांना नवं आवरण तयार होतं आणि एका केंद्रकाची दोन केंद्रकं होतात. शेवटी प्राण्याची पेशी कमरेत आवळल्यासारखी होऊन तुटते. वनस्पतीच्या पेशीत मात्र मधे नवी भिंत बांधली जाते, वाटणीच्या घरात बांधतात तशी.

या सगळ्याला सूत्री विभाजन म्हणतात. जर्मनीच्याच वॉल्थर फ्लेमिंग यांनी सॅलमँडर नावाच्या प्राण्याच्या पेशींत हे पाहिलं आणि १८८२ साली त्याचं सविस्तर वर्णन केलं. माणसाच्या पेशी प्रयोगशाळेत वाढवल्या तर अशी एक फेरी पुरी व्हायला साधारण एक दिवस लागतो. त्यात प्रत्यक्ष दुभंगणं फक्त तासाभराचं. बाकी सारा वेळ तयारीचा! परीक्षेचंही असंच असतं, नाही का?

टिपरीपासून खोडव्यापर्यंत

आता पहिल्या प्रश्नाचं उत्तर तुमचं तुम्हालाच देता येईल. बेण्याच्या उसाच्या टिपऱ्या करून सरीत लावतात. प्रत्येक टिपरीवर एक, दोन किंवा तीन डोळे असतात. ओल मिळाली की डोळ्यातल्या पेशी सूत्री विभाजनानं वाढू लागतात. नवी पेशी म्हणजे जुन्या पेशीची नक्कल, तिचीही नक्कल, तिचीही नक्कल. मग सबंध ऊस वेगळा कसा होईल? पाणी, खत, जमीन वेगळी मिळाली तर उंची आणि जाडी कमीजास्त होईल, पण वाण तोच राहणार. आजोबांचं म्हणणं सोळा आणे खरं!

'ऊस गोड लागला म्हणून मुळासकट खाऊ नये' ही म्हण तुम्हाला माहीत आहे. तिच्यात शेतीचंही शहाणपण आहे बरं का. ऊस तोडल्यावर जमिनीत राहिलेल्या बुडख्यावरचे डोळे पुन्हा फुटतात आणि खोडवा येतो. मुळासकट खाल्ला तर खोडवा कुठून येणार?

ऊतीसंवर्धनाच्या प्रयोगशाळेत हेच काम फार बारकाईनं करतात. उसाच्या शेंड्यातला कोवळा भाग काढायचा, काचेच्या बाटलीत अन्नद्रव्यांवर वाढवायचा, आणि त्यापासून हजारो रोपं करायची. पुण्याजवळ मांजरीला असलेल्या वसंतदादा साखर संस्थेत उसाची अशी रोपं तयार होतात. केळीची रोपंही अशीच करतात.

आणि थांबायचं कधी?

गुडघा खरचटला की आठ-दहा दिवसांत जखम भरते. जखमेच्या कडेच्या पेशी विभागून खड्डा बुजवतात. पण खड्डा भरला की थांबतात. गुडघ्यावर कातडीचा डोंगर उभा राहत नाही! 'आता विभागा' आणि 'आता थांबा' असे दोन्ही हुकूम पेशीतल्या जनुकांत लिहिलेले असतात.

कधी कधी हे हुकूमच बिघडतात. पेशी 'थांबा' ऐकेनाशा होतात आणि विभागतच राहतात. त्यांचा गोळा होतो आणि तो आजूबाजूच्या चांगल्या पेशींची जागा व्यापतो. यालाच कर्करोग म्हणतात. हा रोग शिवल्यानं किंवा एका ताटात जेवल्यानं होत नाही. तो कुणालाही होऊ शकतो, त्यात आजारी माणसाला दोष देऊ नये. पण पेशींमधले हुकूम बिघडवणाऱ्या काही गोष्टी आपल्याला पक्क्या माहीत आहेत. तंबाखू ही त्यांतली मोठी गोष्ट. मग ती मळून खा, बिडीतून ओढा, गुटख्यातून खा, नाहीतर मिश्री म्हणून दातांना लावा. महाराष्ट्रात २०१२ पासून गुटख्याला बंदी आहे. तरी "जा रे, कोपऱ्यावरून पुडी घेऊन ये" हे वाक्य काही घरांत अजून ऐकू येतं. मुलांनो, पुढच्या वेळी असं कुणी सांगितलं, तर त्यांच्या शेजारी बसून हा परिच्छेद मोठ्यानं वाचून दाखवा. रागावून नाही, प्रेमानं!

मग मी वेगळी का?

आता दुसरा प्रश्न. माणसाचं बाळ टिपरीपासून होत नाही. आईकडची एक बीजपेशी आणि वडिलांकडची एक बीजपेशी एकत्र येऊन बाळाची पहिली पेशी तयार होते. आता हिशेब करा. दोघांच्या बीजपेशींत ४६-४६ गुणसूत्रं असती, तर बाळात ९२ झाली असती. त्याच्या बाळात १८४, आणि पणतवंडांपर्यंत तर मोजदादच नको!

म्हणून बीजपेशी तयार होताना वेगळ्या प्रकारचं विभाजन होतं. त्याचं नाव अर्धसूत्री विभाजन. आपली ४६ गुणसूत्रं म्हणजे २३ जोड्या असतात. प्रत्येक जोडीत एक आईकडचं आणि एक वडिलांकडचं. अर्धसूत्री विभाजनात पेशी गुणसूत्रांची नक्कल एकदाच करते, पण विभागते दोनदा. त्यामुळे एका पेशीच्या चार होतात आणि प्रत्येकीत २३ गुणसूत्रं येतात, प्रत्येक जोडीतलं फक्त एक. पुढे २३ आणि २३ मिळून पुन्हा ४६!

खरी गंमत तर पुढेच आहे. जोडीतलं कोणतं गुणसूत्र कोणत्या बीजपेशीत जाईल, हे ठरलेलं नसतं. छापा की काटा, तसंच! दोन जोड्या असत्या तर ४ प्रकार झाले असते, तीन असत्या तर ८. तेवीस जोड्यांचे किती? ८३,८८,६०८! हे झाले एकट्या आईकडचे प्रकार. वडिलांकडचेही तेवढेच. शिवाय वेगळं होण्याआधी जोडीतली दोन्ही गुणसूत्रं एकमेकांना बिलगतात आणि काही तुकड्यांची अदलाबदलही करतात. त्यामुळे ही संख्या आणखी कितीतरी फुगते.

आता आपल्या मैत्रिणीचं नाक आत्याचं कसं, ते पाहू. बाबा आणि आत्या बहीणभाऊ. दोघांनाही गुणसूत्रं मिळाली ती त्यांच्या आईवडिलांकडून, म्हणजे आपल्या मैत्रिणीच्या आजीआजोबांकडून. त्यांच्यातल्या काही सूचना दोघांकडे सारख्याच आल्या. बाबांकडून त्या पुढे मुलीकडे आल्या असतील. नाकाचा आकार एका सूचनेवर ठरत नाही, त्यात पुष्कळ जनुकांचा हात असतो. पण आत्याशी साम्य दिसावं यात नवल काहीच नाही. ती आईसारखी हुबेहूब नाही, कारण तिच्यात आईची गुणसूत्रं निम्मीच आहेत. बाकीची निम्मी बाबांची. आणि आईकडून जी निम्मी आली तीही पिसून आलेली!

"मग हुबेहूब जुळी मुलं कशी?" असं तुम्ही विचारालच. त्यांची पहिली पेशी एकच असते. ती वाढू लागल्यावर सुरुवातीलाच तिचे दोन वेगळे भाग होतात आणि दोन बाळं वाढतात. एकाच उसाच्या दोन टिपऱ्याच जणू! तरीही त्यांच्या बोटांचे ठसे वेगळे असतात बरं.

उसालाही बी असतं!

एवढं वाचून कुणाला वाटेल, उसाला बी नसतंच. असतं! हिवाळ्यात उसाला पांढरा, पिसासारखा तुरा येतो, तो फुलांचाच असतो. या फुलांत परागकण आणि बीजांडं असतात आणि ती अर्धसूत्री विभाजनातूनच होतात. उसाचं बी अगदी बारीक असतं. त्यापासून आलेलं प्रत्येक रोप दुसऱ्यापेक्षा वेगळं. म्हणूनच शेतकरी ऊस पेरत नाहीत. पेरला तर एक रोप उंच, एक बुटकं, एक गोड, एक पाणचट. मग कारखान्याला काय घालायचं?

पण शास्त्रज्ञांना हा वेगळेपणाच हवा असतो. तमिळनाडूत कोइमतूरला ऊस चांगला फुलतो आणि बी धरतो. तिथे १९१२ साली उसाची पैदास करणारी संस्था सुरू झाली. सी. ए. बार्बर आणि टी. एस. वेंकटरामन यांनी गोड उसाचा रानटी उसाशी संकर केला. त्यातून १९१८ साली 'को २०५' हा वाण आला. 'को' म्हणजे कोइमतूर. पुढे १९३० च्या दशकात जानकी अम्माळ यांनी तिथे सूक्ष्मदर्शकाखाली उसाच्या गुणसूत्रांचा अभ्यास केला. हे फार चिकाटीचं काम, कारण आजच्या उसाच्या एका पेशीत शंभर ते एकशेतीस गुणसूत्रं असतात! १९७७ साली त्यांना पद्मश्री मिळाली.

आपल्या शिवारातलं ओळखीचं नाव म्हणजे को ८६०३२. त्याची आई को ६२१९८ आणि वडील कोसी ६७१. नावातले ८६ हे १९८६ सालचे आणि ०३२ हा त्या वर्षीचा क्रमांक. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाचं ऊस संशोधन केंद्र सातारा जिल्ह्यात पाडेगावला आहे. तिथल्या चाचण्यांनंतर १९९६ साली हा वाण महाराष्ट्रासाठी आला. म्हणजे पाहा, एक बी रुजलं, त्याचं एक वेगळं रोप झालं, ते निवडलं गेलं. मग टिपरीमागून टिपरी लावत त्याच्या नकला शेताशेतांत पोहोचल्या. नवं शोधायला अर्धसूत्री विभाजन, आणि सापडलेलं वाढवायला सूत्री विभाजन. प्रवरानगरला १९५०-५१ च्या हंगामात सहकारी साखर कारखाना सुरू झाला. तेव्हापासून आपल्या भागातली कितीतरी घरं उसावर उभी राहिली. ती या दोन विभाजनांच्या जोरावरच, असं म्हटलं तर?

सगळेच सारखे असले तर?

सगळा ऊस सारखा असण्यात सोय आहे, तसा धोकाही आहे. उत्तर प्रदेशात को ०२३८ नावाचा वाण २००९ नंतर फार लोकप्रिय झाला. साखर भरपूर आणि वजनही चांगलं. बघता बघता तिथलं बहुतेक उसाचं क्षेत्र या एकाच वाणाखाली गेलं. आणि मग त्यावर लाल कूज हा बुरशीचा रोग पसरला. एका उसाला तो रोग सोसत नसेल, तर त्याच्या नकलेला कसा सोसणार? शेतंच्या शेतं वाळली आणि शेतकऱ्यांना दुसरे वाण शोधावे लागले. सगळ्या घरांना एकाच किल्लीचं कुलूप लावलं, तर एका किल्लीनं सारं गाव लुटलं जातं. तसंच हे.

म्हणून वेगवेगळी बियाणी जपून ठेवणं फार मोलाचं. आपल्या अहिल्यानगर जिल्ह्यातल्या अकोले तालुक्यात कोंभाळणे नावाचं गाव आहे. तिथल्या राहीबाई पोपेरे कधी शाळेत गेल्या नाहीत. पण त्यांनी वालाचे, भाताचे, भाजीपाल्याचे कितीतरी गावठी वाण गोळा केले आणि घरीच बियाण्यांची बँक उभी केली. बायफ संस्थेची त्यांना साथ मिळाली. लोक त्यांना 'बीजमाता' म्हणतात. २०२० साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली. एक पद्मश्री सूक्ष्मदर्शकापाशी बसून गुणसूत्रं मोजणाऱ्या जानकी अम्माळांना, आणि एक घरात बियाणं राखणाऱ्या राहीबाईंना!

भात आणि वाल बहुधा स्वतःच्याच फुलातल्या परागानं बी धरतात, म्हणून त्यांचे वाण पिढ्यान्‌पिढ्या टिकून राहतात. कुणी कमी पाण्यात तग धरतो, कुणी लवकर येतो, कुणाला कीड कमी लागते. उद्या एखादा नवा रोग आला, तर त्याला तोंड देणारा गुण या लहानशा बियांपैकी कुठल्यातरी एकीत असेल. ती बीच आपण हरवून बसलो, तर प्रयोगशाळेत तिची नक्कल कशावरून काढणार?

तेव्हा आपल्या श्रीरामपूरच्या मैत्रिणीनं नाक आत्याचं आहे म्हणून मुळीच हिरमुसू नये. तिच्यासारखी गुणसूत्रांची जुळणी आजवर दुसऱ्या कुणाची झाली नसेल. वर्गातल्या प्रत्येकाचं असंच आहे. कुणाला कुणाच्या नाकावरून, रंगावरून, उंचीवरून चिडवायची लहर आली, तर ८३,८८,६०८ हा आकडा आठवा.

करून पाहा

१. मूळ कुठून वाढतं? हरभऱ्याचे चार दाणे रात्रभर भिजवा आणि ओल्या फडक्यात ठेवा. मूळ दोन सेंटिमीटर झालं की टोकापासून वरपर्यंत शाईच्या पेनानं सारख्या अंतरावर बारीक खुणा करा. परत ओल्या फडक्यात ठेवा. दोन दिवसांनी पाहा. टोकाजवळच्या खुणा लांब लांब गेलेल्या दिसतील, वरच्या होत्या तशाच राहतील. टोकाशी नव्या पेशी जन्मतात आणि टोकाच्या जरा मागे त्या लांब होतात.

२. छापा-काटा घराणं. तीन नाणी घ्या, रुपयाचं, दोनचं आणि पाचचं. प्रत्येक नाणं म्हणजे गुणसूत्रांची एक जोडी. छापा म्हणजे आजीकडचं, काटा म्हणजे आजोबांकडचं. तिन्ही उडवा आणि काय पडलं ते लिहा. असं वीस वेळा करा. आठांपैकी किती प्रकार मिळाले?

डोकं चालवा

१. बाजरीच्या परागकणात किती गुणसूत्रं असतील?
२. घोड्याच्या पेशीत ६४ आणि गाढवाच्या पेशीत ६२ गुणसूत्रं असतात. मग खेचराच्या पेशीत किती? आणि खेचराला सहसा पिल्लं का होत नाहीत?

(उत्तरं : १. सात. २. ३२ आणि ३१ मिळून ६३. ही गुणसूत्रं वेगवेगळ्या जातींची, शिवाय संख्या विषम. त्यामुळे जोड्या नीट जुळत नाहीत आणि बीजपेशी नीट तयार होत नाहीत.)

पालकांसाठी दोन ओळी

मुलांना शेतात नेलं तर टिपरीवरचा डोळा आणि शेंड्यातला पोंगा जरूर दाखवा. पुस्तकातल्या चार चित्रांपेक्षा तो जास्त लक्षात राहील. आणि घरात कुणाच्या तोंडात तीन आठवडे न भरणारी जखम असेल, पांढरा किंवा लाल चट्टा असेल, तोंड पूर्ण उघडत नसेल, तर घरगुती उपायांत दिवस न घालवता डॉक्टरांना दाखवा. वेळेवर उपचार झाले तर फार फरक पडतो.